शिट्टी ऐकू येते, माणूस नाही

शाळेत माझ्या आवाजाची तक्रार मुख्याध्यापकांकडे दोनदा गेली आहे. दोन्ही वेळा शेजारच्या वर्गाकडून. मी चौथीला नद्या शिकवायला लागले की भिंतीपलीकडे तिसरीची मुलं पाढे विसरतात, असं तिथल्या बाईंचं म्हणणं. मला त्यात माझी चूक कधी दिसली नाही. पन्नास पोरांपर्यंत भीमा नदी पोचवायची तर घसा लागणारच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी कुणी अबोल, गरीब गाय असेन. तशी मी नाही. माझ्या अंगात आबांचा राग आणि आईचा हट्ट, दोन्ही पुरेपूर उतरले आहेत.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे मंद्रूपकडचे. लग्नाआधीच सोलापुरात आले आणि यंत्रमागावर लागले, ते हातपाय थकेपर्यंत तिथेच. टॉवेल आणि चादरी विणायचे. आमची खोली कारखान्याला चिकटून होती. मध्ये एकच भिंत, आणि तिच्या पलीकडे बारा माग. सकाळी माग सुरू झाले की मांडणीतली भांडीसुद्धा किणकिणायची. पाहुणे यायचे आणि अर्ध्या तासात डोकं धरून जायचे. आम्हाला काही वाटायचं नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले की मला भीती वाटायची, कुणीतरी गेल्यासारखी.

मागावरची माणसं ओरडत नाहीत. ओरडतो तो नवखा. आठ दिवसांत त्याचा घसा बसतो आणि मग तो शहाणा होतो. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या त्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतोच, म्हणून ही माणसं ओठांनी बोलतात. शब्द फोडून, ओठ मोठे करून, आवाज न काढता. जोडीला हाताच्या खुणा. कारखान्याचे मालक तेलुगू, कामगारांत मराठी, कन्नड, दखनी सगळेच. आबांना तेलुगूचं एक वाक्य धड बोलता येत नाही, पण समोरच्याच्या ओठांवरची तेलुगू ते घडाघडा वाचायचे. तीच बोली आमच्या घरात आली. आई, मी, माझा भाऊ, आम्ही सगळे आबांशी तसंच बोलायचो. नियम एकच: बोलायचं तर तोंड समोर हवं. पाठ फिरवली की बोलणं संपलं. आई रागावली की आबांकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची, आणि दोन दोन दिवस त्यांना आपलं काय चुकलं ते कळायचं नाही.

पुढे आम्ही ती खोली सोडली. आई गेली, भाऊ पुण्याला गेला. विजापूर रोडकडच्या दोन खोल्यांत मी आणि आबा उरलो. माग मागे पडले तरी आमच्यात काही बदललं नाही. आबा बहिरे झालेत हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. कसं असेल? विचारलं की उत्तर द्यायचे, चिडवलं की चिडायचे.

ते कळलं कोरोनात. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि आबा रेशन दुकानातून तणतणत घरी आले. म्हणाले, "समदं गाव मुकं झालंय. कुनी बोलंना माझ्यासंगं." दुकानदार बोलला होता, आबांना त्याचे ओठ दिसले नव्हते. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला जरा वर असलेली रेघ पुढे धाडकन खाली पडली होती. जाड, खालचे आवाज थोडेफार पोचतात, बारीक आवाज जवळजवळ गेलेले. स, श, त, च हे सगळे बारीक आवाजातले. मागाने खाल्ले, डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं मशीन घेतलं. आबांनी ते आठ दिवस लावलं आणि डबीत घालून देवळीत ठेवून दिलं.

"ह्यात समदंच वरडतंय," ते म्हणाले. "भांडं बी वरडतंय, कुत्रं बी वरडतंय. अन् ह्ये घालायला मी काय बहिरा हाय व्हय?"

मास्क गेले, ओठ परत दिसायला लागले, आणि आम्ही दोघंही तो विषय विसरलो. माणूस सोयीचं तेवढं विसरतो.

मग गेल्या वर्षी एक दिवस जेवताना आबा म्हणाले, "तुजं तोंड पुसल्यागत दिसतंय." मी हसले. ते हसले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढून समजावलं. पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. उठतील, बसतील, फिरतील. मात्र समोर बघतील तिथे मधोमध डाग.

आता ओठ असतात ते चेहऱ्याच्या मधोमध. परतीच्या रिक्षात माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. कान आधीच गेलेले. ओठ आता जाणार. लिहून दाखवावं तर अक्षरही मधोमधच वाचावं लागतं, आणि आबांची शाळा दुसरीपर्यंतची. वर्षभरात किंवा दोन वर्षांत असा एक दिवस येणार होता की मी आबांच्या समोर बसेन आणि मला त्यांना काहीही सांगता येणार नाही. रिक्षात आबा माझा हात धरून बसले होते. मी फार घाबरले होते.

मशीन परत लावायला ते तयार होईनात. बाजारातली दुसरी दोन आणली, त्यांचीही तीच गत. नुसतंच मोठं. त्याच सुमारास प्रजासत्ताक दिनाच्या तालमीला आमच्या शाळेचा स्पीकर भूं करून घोंगावायला लागला आणि तो दुरुस्त करायला एक बाई आल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र, हातात कापडी पिशवी. सगळं आयुष्य एक्स्चेंजमध्ये लाइनी तपासण्यात गेलेलं. बुद्धविहाराशेजारी राहतात, घरी स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणी ऐकतात, आणि रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये जो येईल त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. येतात ते बहुतेक जयंतीच्या मिरवणुकीसाठी स्पीकर मोठा कसा करायचा हे विचारायला. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या मला बाई म्हणतात.

मी आबांचं सांगितलं. म्हटलं, एक पेटी हवी. टेबलावर माइक, आबांच्या डोक्याला हेडफोन, फिरवायला एक मोठं बटण. सगळं मोठं नको, फक्त जे गेलंय तेवढं मोठं.

"कुणी करून देईल," त्या म्हणाल्या.

"तुम्ही द्या."

"मी शिकवीन. करून देणार नाही. त्यांचा कान कुठं गेलाय ते तुम्हाला माहीत हाय, मला नाही."

मी वाईट विद्यार्थिनी निघाले. तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेलं, त्यामुळे मीही घोकायला लागले. रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारा एवढासा तुकडा, त्याच्यावर रंगीत पट्टे, आणि कोणत्या रंगाचा कोणता आकडा ते मी दोन दिवसांत पाठ केलं. रविवारी मॅडमसमोर धडाधडा म्हणून दाखवलं. त्यांनी माझ्या हातात एक रेझिस्टर दिला. मी आकडा सांगितला. त्यांनी मीटर लावला. आकडा भलताच. मी तपकिरी पट्टा लाल वाचला होता.

"बाई, पाढे म्हणू नका. मीटर लावा."

हे वाक्य मी पुढच्या चार महिन्यांत किती वेळा ऐकलं याला गणती नाही. बॅटरी भरलेली असेल असं मी म्हणायचे, मीटर लावा. सोल्डरचा टाका पक्का बसलाय, मीटर लावा. मला राग यायचा. एकदा तर मी पिशवी उचलून निघालेच होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पोरांना असंच जाऊ देता का वर्गातनं?" मी परत बसले.

टाके घालायला मात्र हात लवकर बसला. बोटं भाजली, एक साडी जळाली, पण आईने शिकवलेली शिवण कुठेतरी कामी आली असावी. आणि कपॅसिटर मला समजला तो आबांच्या कामामुळे. मॅडम सांगत होत्या की लहान कपॅसिटर जाड आवाजाला अडवतो आणि बारीक आवाजाला जाऊ देतो. मी म्हटलं, म्हणजे मागाच्या फणीसारखं. फणीच्या घरांतून बारीक सूत निघतं, जाड अडतं. मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "असंच अगदी नाही. पण तुम्हाला कळलंय, चालू द्या." त्यांच्याकडून मिळालेली ती माझी पहिली शाबासकी, आणि मी ती दिवसभर मनात घोळवत होते.

अशी पेटी तयार झाली. प्लॅस्टिकचा डबा, आत बॅटरी आणि माझ्या हाताने टाके घातलेली सर्किटची पट्टी, बाहेर जुन्या रेडिओचं जाडजूड बटण, आबांच्या बोटांना सापडेल असं. आवाज एका मर्यादेपुढे जाऊच नये अशी सोय मॅडमनी करायला लावली, आणि कानाच्या डॉक्टरांनाही मी विचारून आले. माइक कशावर बसवावा असा प्रश्न पडला तेव्हा आबांनी ट्रंकेतून लाकडी कांडी काढून दिली. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळतात ती. आठवण म्हणून ठेवली होती. "ह्येच्यात बसतंय का बघ," म्हणाले. बसलं.

विहारात मी हेडफोन लावला, मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हळूच बोलल्या, आणि मला त्यांचा स न् स ऐकू आला. मी नाचतच घरी आले.

आबांना खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला, समोर बसले, माइक मध्ये ठेवला आणि म्हणाले, आबा, ऐकू येतंय?

आबांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. कडेने बघायची त्यांना आता सवय झाली होती. "दिसतंय की जरा जरा," म्हणाले. "पन आयकू काय येत न्हाय."

मी बटण फिरवलं. पुन्हा बोलले. काही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आबा खुर्चीतून उडाले. "कुकर! कुकर वाजला!" मग म्हणाले, "चिमण्या हायत व्हय गं अजून हितं?" खिडकीत खरंच चिमण्या होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला चिंता लागली. शिट्टी ऐकू येते, चिमणी ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. मी शिकले होते तेवढ्यावरून निदान सरळ होतं: माझा कपॅसिटर फार लहान झाला, फार बारीक तेवढंच जातंय, माणसाचा आवाज अडतोय. मी मोठा लावला. रविवारी विहारात उत्तम. घरी आबांना कुकर, चिमण्या, आणि आता दारावरची भाजीवाली. मी नाही. आणखी मोठा लावला. आता आबांना पंखासुद्धा ऐकू यायला लागला. मी नाही. तीन आठवडे मी रोज शाळेतून येऊन ती पेटी उघडत होते. आबा मुकाट्याने हेडफोन लावून बसायचे, पोराने काढलेलं चित्र बघावं तसं. एकदा म्हणाले, "जाऊ दे. कुकर आयकू येतोय, त्ये काय कमी हाय?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कारण दरम्यान त्यांना माझे ओठ आणखी कमी दिसायला लागले होते. 'भाकरी' म्हटलं तर ते 'औषध घेतलं' म्हणून सांगायचे.

शेवटी मॅडमना घरी बोलावलं. त्या रविवारी विहारातला वर्ग आटोपून आल्या, पिशवीतून काट्याचा जुना मीटर काढला आणि त्याच्या वायरी पेटीला लावल्या. आणखी एक हेडफोन जोडून स्वतःच्या कानाला लावला. आबांना नमस्कार केला. आबांनी हेडफोनवर हात दाबून लगेच विचारलं, "कोन, पेटीवाल्या बाई? बसा की."

मी चकित झाले. मॅडमचं ऐकू आलं होतं!

"आता तुम्ही बोला," मॅडम मला म्हणाल्या.

मी आबांच्या समोर बसले. बोलले. मॅडम मीटरकडे बघत होत्या. काटा जागचा हलला नाही. त्यांनी बॅटरी तपासली. "बोला." मी बोलले. काटा हलला नाही. बाहेर कुणीतरी बादली आपटली, काटा टुणकन उडाला. मॅडमनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, बोला ना."

"बोलतेय की!" मी ओरडले, आणि काटा दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला. बाहेर कुणी ओरडलं असं वाटून आबा दचकून दाराकडे वळले.

"हे माझ्याशी बोललात. आता त्यांच्याशी बोला."

मी आबांकडे तोंड केलं आणि बोलले. काटा मेल्यासारखा पडून राहिला. मॅडमनी हेडफोन काढला. "तुम्ही बोलत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं ओठ हलवताय."

पन्नाशी ओलांडलेली बाई मी, माझ्या आवाजाने भिंतीपलीकडची पोरं पाढे विसरतात, आणि माझ्या बापाशी मी जन्मात आवाज काढून बोलले नव्हते. मला ते माहीतच नव्हतं. मी बोलते असंच मला वाटत होतं. पेटीत दोष नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. चार महिने मीटर सगळ्याला लावला, फक्त मला लावायचा राहिला होता.

म्हटलं, एवढंच ना! आता बोलते. आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज निघेना. खरंच निघेना. ओठ हलत होते, घशात काही येत नव्हतं. पुन्हा प्रयत्न केला. हसू आलं, मग रडू आलं. त्या चेहऱ्यासमोर माझा घसा उघडायला शिकलेलाच नव्हता. आबा कडेने बघत होते आणि त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली जी आमच्या घरात फक्त रागात केली जायची. उठले, खुर्ची फिरवली आणि आबांकडे पाठ करून बसले.

"आगं, काय झालं?" आबांचा आवाज घाबरलेला होता. "माजं काय चुकलं?"

मॅडमनी माइकची कांडी उचलली आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवली. माझ्यासमोर आता भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर.

"आबा," मी म्हटलं.

 मागून आबांनी विचारलं, "कोन हाय?"

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लागलं. "मी आहे, आबा. मीच बोलतेय."

"तू?" मागे त्यांची खुर्ची पुढे सरकली. "आसा हाय व्हय तुजा आवाज." आणि मग, "बोल की आजून. लांबलचक बोल."

लांबलचक काय बोलणार? आमच्या ओठांच्या बोलीत लांब काही नव्हतंच. जेवा, झोपा, औषध, लाइट बिल, पाहुणे आलेत. आयुष्यभर मी आबांशी तेवढंच बोलले होते.  मग जे तोंडात सगळ्यात पक्कं बसलं होतं तेच आलं. मी कॅलेंडरकडे बघत चौथीचा धडा सुरू केला. भीमा नदी सह्याद्रीत उगम पावते, तिथून आग्नेयेला वाहत पुणे जिल्ह्यातून येते, वाटेत उजनीचं धरण लागतं, मग पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. बोलता बोलता घसा मोकळा झाला आणि मी वर्गातल्या पट्टीत गेले. मॅडमनी कानावर हात ठेवले. मी थांबले नाही. भीमा दक्षिण सोलापुरातून पुढे जाते आणि कर्नाटकात शिरून कृष्णेला मिळते, असं सांगून मी दम घेतला.

मागे रेडिओचं बटण करकरलं. आबांनी आवाज कमी केला होता.

"हळू की जरा," ते म्हणाले. "मी काय बहिरा हाय व्हय? अन् सीना कुटं गेली? आमच्या हितं भीमेला मिळती की ती. इसरलीस."

खरंच विसरले होते. मंद्रूपच्या माणसापुढे सीना विसरले होते. "चुकलं, आबा," मी म्हटलं, आणि तोंड त्यांच्याकडे न वळवता, हळू आवाजात, पुन्हा उगमापासून सुरुवात केली.